वजन कमी करा, चाला

गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी शेवटी एक ओळ लिहून दिली: ‘वजन कमी करा, चाला.’ पन्नाशी ओलांडलेल्या कुणाचीही फाईल उघडा, ही ओळ कुठे ना कुठे सापडतेच. त्यातल्या दोन्ही सल्ल्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते मधल्या स्वल्पविरामाशी. दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्या स्वल्पविरामाचा ‘म्हणून’ झालेला असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला माणूस कानटोपी घालून साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याला लागतो. महिन्याभराने काट्यावर उभा राहतो, काटा जागचा हललेला नसतो, आणि कानटोपी पुन्हा कपाटात जाते.

किल्ल्याच्या वाटेवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापाशी सकाळी जरा टेकलं की यावरचा वाद हमखास कानावर पडतो. एक पक्ष म्हणतो, चालून वजन उतरतंच. तुझं उतरत नाही कारण तू रमतगमत चालतोस, अंगाला घाम सुटला पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, चालणंबिलणं सगळं थोतांड, तोंड आवरा आणि गप बसा. वाद तावातावाने होतो आणि पुष्कळदा खाली उतरल्यावर मिसळीच्या ताटावर मिटतो. मला दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात, आणि तेही एकाच जागी: दोघांनीही निवाडा काट्यावर सोपवला आहे. माझं म्हणणं असं की नुसत्या चालण्याने सांगण्यासारखं वजन उतरत नाही, हे एकदा मोकळेपणाने मान्य करावं. आणि तरीही चालावं, पण काट्याला साक्षीला न बोलावता. या दोन गोष्टी एकमेकींच्या गळ्यात बांधल्यामुळे चालणंही सुटतं आणि ताटाकडेही कुणी बघत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. अजिंक्यतारा पायथ्यापासून साधारण 300 मीटर. ह्यांचं वजन 80 किलो. एवढं ओझं एवढ्या उंचीवर न्यायला किती ऊर्जा लागेल, हे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराने काढलं, तर उत्तर येतं सुमारे 235 किलोज्यूल, म्हणजे आपण खाण्याच्या संदर्भात ज्याला कॅलरी म्हणतो तसल्या 56. शरीराचं इंजिन फार तर पाव इंधन कामाला लावतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे प्रत्यक्ष जळतात सव्वादोनशेच्या आसपास. उतरणीचे थोडे धरून अडीचशे म्हणा. आता परातीकडे वळा. 60 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी दोनशेच्या थोडी पुढे जाते, वर चमचाभर तूप पडलं की अडीचशे. तेव्हा एक अजिंक्यतारा बरोबर तुपाची एक भाकरी. सपाटीवर तर आणखी स्वस्त: 70 किलोचा माणूस 5 किलोमीटर चालला, तर बसून राहिला असता त्यापेक्षा जेमतेम 200 कॅलरी जास्त खर्च करतो. किलोभर चरबीत साठलेल्या असतात सुमारे 7,700. भागाकार करा: रोज न चुकता 5 किलोमीटर, तेव्हा कुठे सव्वा महिन्यात एक किलो. तोही कागदावर.

कागदावर अशासाठी, की या हिशेबात आपण एक गोष्ट गृहीत धरली: बाकी सगळं जसंच्या तसं राहतं. पण किल्ला चढून आलेला माणूस जसाच्या तसा राहतो का? आमच्याकडे तरी नाही. तो एक भाकरी जास्त मागतो, दुपारी अर्धा तास जास्त लवंडतो, गॅस सिलिंडर उचलायची वेळ आली की ‘आज पाय भरून आलेत’ म्हणतो. वरून त्याला आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटतं, आणि कमावलेलं खर्च करायला साताऱ्यात कंदी पेढ्यांची दुकानं कमी नाहीत. लंडनचा विल्यम बँटिंग हा अंत्यसंस्कारांचं सामान पुरवणारा गृहस्थ. त्याने 1863 मध्ये आपल्या लठ्ठपणाची कहाणी छापून वाटली होती. वैद्यांच्या सांगण्यावरून तो पहाटे उठून नाव वल्हवायला लागला. दंडात जोर आला, पण भूकही दणकून वाढली, ती त्याने भागवली, आणि वजन आणखी चढलं. पुढे तो बारीक झाला तो पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडल्यावर. दीडशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आणि चार भिंतींपाशी आज ऐकू येणारी तक्रार यांत मला काहीच फरक दिसत नाही.

भूक हाच एक चोर असता तरी बरं होतं. टांझानियात हाडझा नावाचे लोक आजही शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात, दिवसाचे कितीतरी मैल तुडवतात. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निघालं असं, की शरीराचं आकारमान लक्षात घेतलं तर हा खर्च अमेरिकेत-युरोपात खुर्चीवर बसणाऱ्यांइतकाच आहे. पाँट्झर यांचं म्हणणं असं, की शरीर एका बाजूला जास्त खर्च झाला की दुसरीकडे हात आखडतं. हे कितपत आणि कसं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, आणि मी त्यात पडणार नाही. पण महिन्याच्या पगारात घर चालवलेल्या कुठल्याही बाईला यात नवल वाटायचं कारण नाही. दिवाळीत जास्त गेले की मार्गशीर्षात आपण काय करतो?

आता विरुद्ध बाजूचं ऐकू, कारण ती बाजू लेचीपेची नाही. पहिला मुद्दा असा: व्यायामाने वजन उतरत नाही म्हणणं ऊर्जेच्या नियमालाच धरून नाही. बरोबर आहे. कॅनडातल्या क्युबेकमध्ये क्लोद बुशार यांच्या गटाने एकसारख्या जुळ्या तरुणांच्या 7 जोड्या जवळजवळ शंभर दिवस आपल्या देखरेखीखाली ठेवल्या. जेवण ठरवून दिलेलं, त्यात कणभर वाढ नाही, आणि 93 दिवसांच्या काळात दहापैकी नऊ दिवस सायकल मारून जास्तीच्या कॅलरी जाळायच्या. 1994 मध्ये निकाल छापून आला: सरासरी 5 किलो उतरले. म्हणजे व्यायामाने वजन उतरतं. अट एवढीच, की शिंक्याला कुलूप हवं आणि किल्ली दुसऱ्याकडे. दिवसातून दोनदा सायकलवर घाम गाळणारे पंचविशीच्या आतबाहेरचे हे तरुण आणि आमच्या आळीतले तीन डबे फराळाचे भरून ठेवलेले गृहस्थ यांना एकाच ओळीत कसं बसवायचं? त्यातही गंमत अशी, की सगळ्यांनी सारखंच काम करूनही कुणाचा किलोच उतरला, कुणाचे आठ. आणि जुळ्या भावाभावांचे आकडे मात्र एकमेकांशी मिळतेजुळते. ‘मी उतरवलं, तुला का जमत नाही’ म्हणणाऱ्याने यावर थोडा विचार करावा.

दुसरा मुद्दा भावनेचा असला तरी वजनदार आहे: आमचे आजोबा सज्जनगडाखालच्या परळीहून साताऱ्याला चालत यायचे, त्यांच्यात कुणी ढेरपोट्या होता का? उसाच्या फडात राबणारी बाई कधी जाड पाहिलीत? नाही पाहिली. पण त्या बाईच्या डब्यात काय असतं तेही पाहिलंय. आजोबांच्या घरात तेलाची बुधली महिना पुरवायची असे, आणि साखर सणाला. चालणं आणि चणचण एकत्र होती. आपण आठवणीत फक्त चालणं ठेवलं, कारण चणचण आठवायला कुणाला आवडते? सुश्रुतसंहितेतला सल्ला या बाबतीत आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा प्रामाणिक आहे. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकाराच्या, निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीशिवाय, शंभर योजनं किंवा त्याहून जास्त चालावं, असं तिथे सांगितलंय. पण त्याच दमात सांगितलंय की भिक्षा मागून खावं आणि एका गावात एका रात्रीपेक्षा जास्त राहू नये. म्हणजे चालायचं, आणि कुठेही पाहुणचार अंगाशी लावून घ्यायचा नाही. उलटा दाखला दर आषाढीआधी आपल्याच जिल्ह्यातून जातो. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरडवरून पुढे पंढरीला निघते. आळंदीपासून सारं अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या शेजारच्या काकू दोन वर्षं सबंध वारी चालल्या आणि दोन्ही वेळा थोड्या भरूनच परतल्या. वाटेत गावोगावचे लोक वाढायला उभे असतात, आणि वारकऱ्याने नाही म्हणायचं नसतं. वारीला कुणी वजन उतरवायला जात नाही, म्हणून काकूंना त्याचं सुतक नव्हतं.

आजोबांच्या मुद्द्यात तरी एक खरी गोष्ट आहेच. ज्याँ मेयर यांनी 1956 मध्ये बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या 213 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बसून काम करणारे बाबू होते, दुकानदार होते आणि पाठीवरून ओझी वाहणारे हमालही होते. हलक्या कामापासून हमालीपर्यंत काम जसं वाढलं तसं खाणं वाढलं, आणि वजन साधारण तेवढंच राहिलं. पण अगदी बैठ्या टोकाला चित्र उलटं होतं. काम नाही आणि खाणं मात्र जड कष्ट करणाऱ्यांइतकं, वजन सगळ्यांत जास्त. म्हणजे हालचाल एका पातळीखाली गेली की भुकेचा लगामच सुटतो. तेव्हा सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्याने उठून चालायला लागणं आणि आधीच दोन तास चालणाऱ्याने तिसरा तास चालणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. आपल्या वादात त्या सारख्या धरल्या जातात.

माझ्या बाजूला सगळ्यांत जास्त अडचणीत आणणारा मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो चार भिंतींपाशी कुणी काढत नाही. वजन उतरवणं एक, उतरलेलं टिकवणं दुसरं. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही ठेवली आहे, निदान 13.6 किलो उतरवून वर्षभर टिकवलेली माणसं तिच्यात नाव घालतात. त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतकरून चालतातच. अर्थात ज्यांना जमलं तेच नोंद करणार, त्यामुळे हा पुरावा कोर्टात टिकेल असा नाही. तरी माझा कल त्यावर विश्वास ठेवण्याकडे आहे. खाणं कमी करून घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, साधारण चौथा हिस्सा. स्नायूंना काम देत राहिलं तर ते कमी जातात. 2025 पासून आपल्याकडे वजन उतरवायची नवी इंजेक्शनं मिळू लागली आहेत, तिथेही हाच प्रश्न उभा आहे. म्हणजे चालणं काटा खाली आणत नसेल, पण खाली आलेला काटा पुन्हा वर जाऊ नये म्हणून दार अडवून उभं राहतं. हे मी मान्य करते. फक्त हे काम आणि डॉक्टरांच्या स्वल्पविरामातून निघणारं काम एक नव्हे.

म्हणूनच ‘तोंड आवरा, चालणं थोतांड’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण पहिल्या पक्षापेक्षा मोठं आहे. पहिला पक्ष निदान माणसाला घराबाहेर काढतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. एकच नोकरी, एकच खातं, एकच बस. एक जण दिवसभर बसलेला, दुसरा दिवसभर जिना चढउतरत तिकिटं फाडणारा. हृदयविकार कंडक्टरांत बराच कमी निघाला. टीकाकार म्हणाले, मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील! मॉरिस यांनी काय करावं? खात्याने शिवून दिलेल्या गणवेशांची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर खरोखरच मोठी होती, तरुण वयापासूनच. टीकाकार तिथे बरोबर होते. पण पुढे कंबरेप्रमाणे गट पाडून पाहिलं तेव्हा बारीक कंडक्टर, मध्यम कंडक्टर आणि पोट सुटलेला कंडक्टर, तिघांनाही आपापल्या जोडीच्या ड्रायव्हरपेक्षा धोका कमी होता. जिन्याचा फायदा कंबरेच्या वाटेने येत नव्हता. माझ्या मते या वादाचा निकाल शिंप्याच्या वहीत तेव्हाच लागलेला आहे.

आपल्या मातीतला पुरावा याहून बोलका आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. काटा आणि उंचीची पट्टी दोघांना जुळे भाऊ ठरवतात. तेव्हा काट्यावर ‘नॉर्मल’ निघालेला आपल्याकडचा हडकुळा, पण पोटाशी टेकडी असलेला माणूस निर्धास्त घरी जातो, आणि त्याला चालायला कुणी सांगतच नाही, कारण चालणं तर जाड माणसांचं औषध! रात्री जेवणानंतरची शतपावली जुन्या माणसांनी वजनासाठी सांगितली नव्हती. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी उसळते, हे आता मोजून दाखवलेलं आहे. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो. यातलं काहीही काट्यावर दिसत नाही.

आणि व्यायामाचा काट्याशी संबंध आपल्याकडे होता तरी कधी? समर्थांनी सतराव्या शतकात चाफळ, मसूर, शहापूरपासून शिराळा, बहेपर्यंत मारुती उभे केले ते बळासाठी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार घालून घेतले तेही आरोग्यासाठी. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला 52 किलोच्या गटात लढले आणि सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत 57 किलोच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. वजन वाढलं म्हणून त्यांना कुणी नावं ठेवल्याचं ऐकिवात नाही. उलट तालमीतल्या माणसाला जे पक्कं ठाऊक असतं ते आपण विसरलो: खुराक आणि मेहनत या दोन वेगळ्या वह्या आहेत. कुस्ती सुटलेला पैलवान पन्नाशीत का सुटतो? जोर-बैठका थांबतात, दुधाचा तांब्या थांबत नाही.

ताटाची वही उघडायला मात्र आपण तयार नसतो, आणि याचं कारण शास्त्रात नाही, घरात आहे. चालणं एकट्याने करता येतं. बूट घेतले, निघालं. घरातल्या कुणालाही काही बदलावं लागत नाही, आणि चारचौघांत शिस्तीचा माणूस म्हणून नाव होतं. जेवण बदलायचं तर सगळं घर हलवावं लागतं: सासूबाईंचं पथ्य, मुलांचे डबे, आल्यागेल्याचा चहा, आणि ‘एवढं तरी घ्या’. काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची जीवनशैली घराघरांत पोचली तेव्हा पाहा. सांगणं दोन्ही होतं, दिवसातून दोनदाच 55 मिनिटांच्या आत जेवा आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दोनदाच जेवण्याचा तो सल्ला बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे. पण पाळणाऱ्या पुरुषांपैकी किती जणांनी स्वतःचं वेगळं ताट स्वतः मांडलं? आमच्या ओळखीत तरी ते वेगळं ताट बायकोच्याच डोक्यावर आलं. दिवसभर घरात पायाला भिंगरी लावून फिरणाऱ्या अशा बाया सकाळी किल्ल्यावर मोजून चार दिसतात, आणि त्याही घोळक्याने, कारण यवतेश्वरच्या घाटाला किंवा किल्ल्याच्या वळणांवर अंधारात एकटीने कोण जाणार? बागेत लोखंडी व्यायामाची यंत्रं बसवली की नगरपालिकांना काम झाल्यासारखं वाटतं. मला त्यापेक्षा फुटपाथ हवा आहे, ज्यावर गाडी लावलेली नसेल, आणि पहाटे सहापर्यंत चालू राहणारा दिवा. चालणं हे जाड माणसाचं प्रायश्चित्त असेल तर ते ज्याने त्याने आपल्या सोयीने करावं. पण ते पाण्यासारखी सगळ्यांची गरज असेल, तर रस्ता देणं कुणाचं काम आहे?

पूर्वी रेल्वे स्टेशनवर रंगीत दिव्यांचा एक काटा असायचा. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लहानपणी आम्ही दोन्ही बाजू सारख्याच श्रद्धेने वाचत असू. पुढच्या महिन्यात ह्यांची वर्षाची तपासणी आहे. मी या वेळी आपल्याच हाताने एक कागद करून दिलाय: कंबर किती, उपाशीपोटी साखर किती, रक्तदाब किती, महादरवाजापर्यंत न थांबता जाता येतं का, आणि दिवसाला तेल किती चमचे. वजन मी शेवटी लिहिलंय. ह्यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, तेलाचं त्यांना कशाला सांगायचं?